सुट्टी ही चैन नव्हे

शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्या कर्जत-खालापूरकडे वळतात. डोंगराच्या कुशीत दोन दिवस शांत राहता यावे म्हणून लोक पैसे मोजतात. आणि आम्ही कुंभिवलीकर? त्याच डोंगरांच्या पायथ्याशी राहून रविवारीही ओव्हरटाइम करतो. कोणी विसाव्याचे नाव काढले की हसून म्हणतो, "ही साहेबलोकांची थेरं, आपल्याला कुठं परवडतात?"

हे हसणे आम्हाला महाग पडते आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात दिसले. ओव्हरटाइमचे पैसे मग दवाखान्यातच जातात.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला पगारी सुट्टी देणारा १९४५ चा दुरुस्ती कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. कामाचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयकही त्यांनीच मांडले. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. ठेकेदाराकडचा कामगारही त्यात धरलेला होता. जयंतीला आम्ही बाबासाहेबांचे उपकार आठवतो आणि वर्षभर त्यांनी मिळवून दिलेली रजा विकून टाकतो. उरलेली लग्नकार्यात संपते. ज्यांना ठेकेदार रजाच देत नाही, त्यांनी एकट्याने नव्हे, एकत्र येऊन ती मागितली पाहिजे.

विसाव्याला रिसॉर्ट लागत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कुटुंबे कोंडाणे लेण्यांकडे गेलो. कर्जतहून कोंदिवडे आणि तिथून पायी. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, रानात लपलेली ही बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. पावसाळ्यात फिरणे थांबवून भिक्खू अशा विहारांत वर्षावास करीत. थांबणे हाही आपल्या परंपरेचा भाग आहे. डीजे नाही, दारू नाही. चैत्यगृहासमोर बसलो, मुलांनी झाडे ओळखली, म्हातारी माणसे सावलीत निवांत झोपली.

पण एक चूक झाली. डब्यांसाठी आयाबहिणी पहाटे चारला उठल्या होत्या. दुपारी त्यांच्या तोंडावर थकवा दिसत होता. त्यांची सुट्टी झालीच नव्हती. आता ठरले आहे, सहलीचा स्वयंपाक आणि भांडी पुरुषांची.

एका दिवसाने रक्तदाब बरा होत नाही. गोळ्या चालूच ठेवा, सहलीतही सोबत न्या. पण वर्षातून दोनतीनदा तरी कामाचा विचार बाजूला ठेवून मोकळ्या हवेत राहा. ही रजा कुणाची मेहरबानी नाही. बाबासाहेबांनी कायद्यात लिहून घेतलेला तो आपला हक्क आहे. तो विकू नका, घ्या.