देणारा कोण?

दत्तक मूल मिळण्याची वाट पाहणाऱ्या परदेशी पालकाने मधल्या काळात एखाद्या दरिद्री मुलखात सेवायात्रेला जावे आणि परतल्यावर तिचा वृत्तांत लिहावा, हा आता एक रूढ गद्यप्रकार होऊन बसला आहे. त्याचे संकेत ठरलेले असतात. आरंभी घरातली रिकामी खोली, रंगवलेला पाळणा आणि न येणारी फाइल. मग विमान, धूळ, दहा दिवस. मग एक मूल येऊन बोट धरते. लेखकाला वाटते, हे आपलेच असू शकले असते. शेवटी विमानतळावर अश्रू, आणि आपण द्यायला गेलो होतो पण घेऊनच आलो अशा आशयाचे एखादे वाक्य. या गद्यात आई नसते. ती वारलेली असते असे नव्हे. लेखकाने तिच्याविषयी विचारलेलेच नसते.

आमचा आक्षेप या न विचारण्याला आहे, आणि तो आम्ही धारणीच्या अंगाने मांडू इच्छितो. अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा हा तालुका आणि शेजारचा चिखलदरा मिळून मेळघाट होतो. कुपोषित बालकाचे छायाचित्र हवे असले की महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांना १९९३ पासून हाच मुलूख आठवतो. ते छायाचित्रही आपण नीट पाहिलेले नाही असे आम्हांस वाटते. त्यात मूल असते, उघडे पोट असते, मोठे डोळे असतात. ज्या हातांनी मुलाला धरलेले असते ते बहुधा कोपरापाशी कापलेले असतात. सेवायात्रेच्या गद्याने जे शब्दांत केले तेच हे कातरकाम.

आता काळाचा हिशेब पाहावा. कोरकू कुटुंबे दिवाळी आटोपली की मजुरीसाठी घाट उतरतात. कोणी अमरावती-अकोल्याकडे जातात, कोणी मध्य प्रदेशात. वीटभट्टी, बांधकाम, शेतातली सोंगणी, जे मिळेल ते. होळीला मात्र मनुष्य परत येतोच, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण; त्यानंतरचे फगव्याचे दिवस गावात काढायचे आणि मग पुष्कळांनी पुन्हा पावसापर्यंत बाहेर पडायचे. बाहेरच्या पाहुण्यांना मात्र सोयीचा हंगाम हिवाळ्याचा. नाताळची सुट्टी, कोरडे रस्ते, सुसह्य हवा. म्हणजे पाहुणा नेमका अशा वेळी गावात शिरतो, जेव्हा अर्ध्या घरांना कुलूप असते आणि अंगणात आजीजवळ ठेवलेली मुले असतात. त्याने डायरीत ‘पोरकी मुले’ असे लिहिले तर तो खोटे बोलत नाही. त्याने फक्त होळीपर्यंत थांबायला हवे होते.

ही चूक केवळ वाङ्मयीन असती तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. २००७ साली चाडमधून एका फ्रेंच संस्थेने १०३ मुले दारफुरची अनाथ म्हणून विमानाने न्यायचे ठरवले होते. पुढे आढळले की बहुतेकांना आईबाप वा नातलग होते. २०१० च्या जानेवारीत हैतीतल्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या आयडाहोतून आलेल्या दहा बाप्तिस्त कार्यकर्त्यांना ३३ मुलांसह सीमेवर अडवले गेले. तिथेही कथा तीच निघाली. ही माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी तेच गद्य वाचलेले होते, आणि त्या गद्यावर त्यांचा विश्वास होता.

मराठीत या चुकीवर एक उतारा आयता उपलब्ध आहे आणि तो आपण वापरत नाही. इंग्रजीतल्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला निवडण्याचा धातू आहे. तिथे क्रिया घेणाऱ्याची. आपला शब्द ‘दत्तक’. दत्त म्हणजे दिलेला. या शब्दात घेणारा नाहीच, देणारा आहे. जुन्या हिंदू कायद्याने तर हे इतके काटेकोरपणे घेतले होते की मूल देण्याचा अधिकार फक्त आईला किंवा बापाला; परिणामी अनाथ मूल दत्तक जाऊच शकत नसे, कारण त्याला देणार कोण? १९५६ च्या कायद्यातही ही अडचण उरली. १९६२ च्या दुरुस्तीने टाकलेले मूल न्यायालयाच्या परवानगीने पालकाकरवी देण्याची वाट मोकळी झाली. जुना नियम निर्दय होता हे उघड आहे. वारसासाठी आणि पिंडासाठी मुलगा हवा, पोरक्या जिवाचे काय ते त्याचे नशीब, असा तो एकंदर व्यवहार. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही. पण तिने एक प्रश्न विचारल्यावाचून मूल हलू दिले नाही, आणि तो प्रश्न अगदी बरोबर होता.

आज आपण हा शब्द कसा वापरतो? मेळघाटात गावे ‘दत्तक’ घेतली जातात. मंत्री घेतात, कंपन्या घेतात, विद्यापीठे घेतात. अधिकाऱ्यांनी एकेक कुपोषित बालक ‘दत्तक’ घ्यावे अशा योजना राज्यात वेळोवेळी निघतात. धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजले. हरिसालला इंटरनेट मिळाले याचे आम्हांस दुःख नाही. पण कोणतेही गाव दत्तक घेतले अशी बातमी वाचताना व्याकरणाच्या विद्यार्थ्याने विचारावे, की हे गाव दिले कोणी? ग्रामसभेने? मग ठराव कुठे आहे? घेणाऱ्याच्या सोयीने शब्दाचा देणारा पुसून टाकण्याची सवय आपल्यालाही लागली आहे. परदेशी पाहुण्याला हसण्यापूर्वी हे ध्यानात ठेवलेले बरे.

कोणी म्हणेल, वाट पाहणाऱ्याचे दुःख खरे असते, त्याची अशी चिरफाड कशाला? दुःख खरे असते याबद्दल वादच नाही. भारतात २०२४-२५ या वर्षात ४,५१५ दत्तकविधाने झाली. गेल्या बारा वर्षांतला हा सर्वांत मोठा आकडा, आणि त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात. नोंदणी करून बसलेली जोडपी मात्र तीस हजारांहून अधिक. वाट साडेतीन वर्षांच्या घरातली. ज्या घरात ही वाट पाहिली जाते तिथली एकेक संध्याकाळ कशी जाते, हे सांगणारे चांगले लेखन मराठीत फार थोडे आहे, आणि ते व्हावे असे आम्हांस मनापासून वाटते. पण वाट पाहणे हा हक्क नव्हे. रांग लांब आहे याचा अर्थ मुले कुठेतरी अडकवून ठेवलेली आहेत असा होत नाही. बहुतेक मुलांना घर आहे, एवढाच त्याचा अर्थ. धारणीच्या मुलालाही आहे. त्या घरात धान्य कमी असेल, बाळंतपणाला डॉक्टर नसेल, पावसाळ्यात रस्ता वाहून जात असेल. यांतल्या एकाही गोष्टीवर दुसरी आई हा इलाज नाही.

कायद्यातला जो विलंब या गद्यात खलनायक म्हणून येतो, तोही नीट पाहावा. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाला नियम घालून दिले आणि आधी देशातले घर शोधा असे बजावले. भारताने २००३ मध्ये हेग करारावर शिक्कामोर्तब केले, त्यातले तत्त्वही हेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. हे दोन महिने फाइलवरची धूळ नव्हेत. सगळ्या प्रक्रियेत आईच्या नावाने राखून ठेवलेला काळ असलाच तर तो एवढाच. लिहिणाऱ्याला तो ‘वाया गेलेला’ वाटतो, यातच त्या लेखनाची नजर कळते. आणि जिथे घाईला मोकळे रान मिळाले तिथे काय झाले, हेही आता लपलेले नाही. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशीअंती परदेशी दत्तके थांबवली, चीनने २०२४ मध्ये दार लावले, आणि दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने २०२५ च्या मार्चमध्ये खोट्या कागदपत्रांवर मुले परदेशी धाडल्याचे नोंदवले. त्या कागदांवर पुष्कळदा ‘अनाथ’ असेच लिहिलेले होते.

मग बाहेरच्या माणसाने मेळघाटात जाऊच नये काय? असे आम्ही कसे म्हणू! पुण्याची ‘मैत्री’ ही संस्था १९९७ पासून ऐन पावसाळ्यात, म्हणजे मुले दगावतात त्या दिवसांत, शहरातल्या स्वयंसेवकांच्या तुकड्या तिथे पाठवत आली. हंगामाची निवडच सांगते की विचार कोणाच्या सोयीचा झाला. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला गेले ते तिथेच राहिले. कुपोषणाचे मूळ रिकाम्या हातांत आहे हे कळल्यावर डॉक्टर शेतीकडे वळले. उतावलीत डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची देखभाल उभी केली. म्हणजे मूल आईजवळ ठेवूनच. एवढेच कशाला, ज्या मिशनऱ्यांच्या नावाने आजच्या सेवायात्रा निघतात, त्यांच्यातल्याच जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचे व्याकरण लिहून १९०३ साली कलकत्त्याला छापले. धर्मांतराच्या हेतूविषयी वाचकाने हवे ते मत बाळगावे. पण मुंडा कुळातली ही भाषा शिकण्यासाठी समोरच्या बाईचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकावे लागते, आणि जिचे बोलणे ऐकले तिला वगळून लिहिणे मग अवघड होते. दहा दिवसांच्या पाहुण्याला ही अडचण येत नाही.

या गद्याला खरे उत्तर त्यातल्या मुलानेच दिलेले आहे. आशा मिरो या नाशिक परिसरात जन्मलेल्या मुलीला १९७४ मध्ये मुंबईच्या अनाथाश्रमातून बार्सिलोनाच्या जोडप्याने दत्तक नेले. १९९५ साली ती स्वयंसेवकांच्या एका गटाबरोबर भारतात आली. म्हणजे सेवायात्राच, फक्त उलट दिशेने. २००३ मध्ये कातालान भाषेत आलेल्या तिच्या पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकात ती ‘गंगेची मुलगी’ आहे. युरोपातल्या वाचकाला यात हिमालय, काशी आणि पुरातन भारत दिसला असणार. नाशिककर मात्र सांगेल की आमच्याकडे गोदेलाच गंगा म्हणतात, आणि गंगेवर जाऊन येतो म्हणजे काही काशीला जात नाही. त्या पुस्तकात दत्तक आईच्या रोजनिशीतली पानेही आहेत. ती प्रेमाने लिहिलेली आहेत. पण दुसऱ्या वर्षी दुसरे पुस्तक लिहावे लागले, कारण तोवर तिला सख्खी बहीण भेटली होती. आईच्या रोजनिशीत ही बहीण असणे शक्य नव्हते. ज्यांनी ते पान भरायला हवे होते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

आणि ज्यांना देणारा खरोखरच सापडत नाही, अशी मुलेही याच जिल्ह्यात आहेत. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी स्थानकांवर, उकिरड्यांवर टाकलेली, बहुतेक अपंग वा मतिमंद अशी १२३ मुले वाढवली आणि बाप म्हणून आपले नाव लावले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीस हजारांची ती रांग या फाटकापर्यंत कधी आली नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर कायद्याने यांना बाहेर काढायचे तर यांनी जायचे कुठे, असे बाबा कित्येक वर्षे सरकारला विचारत आले आहेत.