नत्राचें मोल

युरियाचें पोतें दुकानांत सुलभतेनें मिळतें, म्हणून त्यांतील नत्रही सुलभतेनें सिद्ध होत असावें, असा समज आपल्यांत रूढ आहे. कारखान्यांतील रसायनाशीं शेतकऱ्यास काय कर्तव्य, असेंही पुष्कळ म्हणतात. आमचें मत याहून भिन्न आहे.

हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग नत्र आहे. परंतु हायड्रोजनाशीं तें सहजासहजीं संयोग पावत नाहीं. इ. स. १९०९ मध्यें फ्रिट्झ हाबर यांनीं ऑस्मियम या दुर्मिळ धातूच्या साहाय्यानें हा संयोग घडवून दाखविला. पुढें स्वस्त उत्प्रेरकासाठीं आल्विन मिटाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजारों प्रयोग केले. अखेर लोखंडाचा ऑक्साइड उपयोगी पडला, व १९१३ सालीं जर्मनींत ओपाऊ येथें कारखाना सुरू झाला.

या उत्प्रेरकाची कृति लक्षांत घेण्याजोगी आहे. मॅग्नेटाइट नामक ऑक्साइडांत अल्युमिना, पोटॅश व चुना अल्प प्रमाणांत मिसळून भट्टींत वितळवितात. निवाल्यावर फोडून, चाळून खडे करतात. त्यांवरून तप्त हायड्रोजनयुक्त वायु सोडला म्हणजे प्राणवायु वाफेच्या रूपानें निघून जातो व सच्छिद्र लोखंड मागें राहतें. अल्युमिना लोखंडाचे सूक्ष्म कण एकजीव होऊं देत नाहीं. पोटॅशनें क्रियेस वेग येतो. गंधकाचा लेशही यास विषवत् होय. म्हणून वायु अत्यंत शुद्ध करून घ्यावा लागतो.

इतक्या प्रयासानें बांधलेल्या नत्राचें आपण काय करितों? जमिनींतील युरिएझ, जो स्वतः एक उत्प्रेरकच आहे, युरियाचा अमोनिया बनवितो. खत ओल्या जमिनीवर वरवर फेंकलें, तर त्यांतील बराच अमोनिया उडून जातो. हवेंतून आणलेलें नत्र हवेसच परत! सरकार किंमतीचा मोठा हिस्सा सोसतें, म्हणून ही हानि डोळ्यांस दिसत नाहीं. पण ती सर्व समाजाची हानि आहे.

शिवाय, लोखंड मुख्य असलें तरी अल्प जोडीवांचून तें दुबळें ठरतें. तद्वत् स्फुरद, पालाश, जस्त व शेणखत यांवांचून एकट्या युरियावर भिस्त ठेवणें व्यर्थ होय. माती तपासून, हप्त्याहप्त्यानें व मातीआड खत द्यावें. आणि संस्थेनें गांवोगांव याचीं प्रात्यक्षिकें करावीं, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.