आधी बैठक, मग तार

आजोबांची ई-संजीवनीवरील डॉक्टरांशी भेट, नातीचा अभ्यास, सूनबाईंचे कार्यालयीन काम, हे सारे आज घरातील एकाच राउटरवर अवलंबून असते. तरीही हे जाळे कसे अंथरावे याचा निर्णय बहुधा जोडणी देणारा मुलगा येतो त्या दहा मिनिटांत होतो. दाराजवळ जिथे खिळा सापडेल तिथे डबा टांगला की काम संपले! त्याची किंमत पुढे घरातील माना आणि पाठी मोजत राहतात. जिथे सिग्नल पोहोचतो त्या पलंगाच्या कडेवर नात वाकून बसते आणि आपण तिला ताठ बसण्याचा उपदेश करतो.

म्हणून क्रम उलटा करावा. प्रथम बसण्याची जागा ठरवावी: पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची, बाजूने येणारा उजेड, डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली पडद्याची वरची कड. जाळे मग तिथवर न्यावे.

जे उपकरण जागचे हलत नाही त्याला तार द्यावी आणि जे हातात फिरते त्याला बिनतारी जोडणी, हा ठोकताळा पुरेसा आहे. टेबलावरचा संगणक आणि टीव्ही तारेवर गेले की मोबाइल व लॅपटॉपसाठी हवेतील वाट मोकळी होते. राउटरच्या मागील खाचा अपुऱ्या पडल्या तर एक लहान स्विच जोडावा. कॅट-६ प्रतीची केबल १०० मीटरपर्यंत चालते. आपल्या सदनिकेला तेवढी लागणार नाही.

वैद्यकीय भेट शक्यतो तारेच्या संगणकावरूनच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. दम लागलेल्या वृद्धाची छाती किती वेगाने हलते, हे डॉक्टर पडद्यावर पाहत असतात. चित्र मध्येच गोठले तर ते निरीक्षणच फसते. भेटीच्या आदल्या दिवशी त्याच खुर्चीवरून, त्याच वेळी एखाद्या नातेवाइकाशी व्हिडिओवर बोलून पाहावे.

मात्र तार उंबऱ्यावरून किंवा सतरंजीखालून कदापि नेऊ नये. उतारवयात पाय अडखळून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने भोगले आहे त्याला अधिक सांगणे नको. भिंतीच्या कडेने प्लॅस्टिकच्या पट्टीतून आणि दाराच्या चौकटीवरून ती न्यावी; विजेच्या तारांच्या नळीत मात्र घालू नये.

बिनतारी लहरींना लोखंडी कपाट, माशांची टाकी आणि काँक्रीटच्या भिंती अडवतात. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंच व उघड्या जागी असावा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींपलीकडे बऱ्या पोहोचतात, ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान असतात पण लवकर थकतात. दूरच्या खोलीसाठी दुर्बळ सिग्नल पुढे ढकलणाऱ्या रिपीटरपेक्षा पहिल्याला तारेने जोडलेला दुसरा राउटर बरा. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा आणि त्याची पत्ते वाटण्याची सोय, म्हणजे डीएचसीपी, बंद करावी. नाहीतर दोन कारभारी एकाच घरात हुकूम सोडू लागतात.

आता लहरींच्या भयाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘२-बी’ गटात ठेवले, म्हणजे शक्यता नाकारली नाही, परंतु पुरावा मर्यादित ठरवला. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही पुढे याच गटात आला, हे कोरफडप्रेमी वाचकांनी ध्यानी घ्यावे! घरगुती राउटरची शक्ती अल्प असते आणि अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. उशाशी राउटर नसावा, एवढी दक्षता पुरे. ‘किरणोत्सर्ग शोषणारे’ स्टिकर विकत घेऊ नयेत. ते खरोखर लहरी अडवत असते तर इंटरनेटच चालले नसते.

झोपेचा खरा शत्रू अंथरुणातला पडदा आहे. बहुतेक राउटरवर ठरावीक उपकरणांना ठरावीक वेळी जोडणी बंद करता येते. मुलांसाठी ती रात्री वापरावी. संपूर्ण राउटर बंद करण्यापूर्वी मात्र कुणाचे ग्लुकोजमापक किंवा धोक्याचा इशारा देणारे यंत्र त्यावर चालते का, हे पाहावे. शिवाय मोबाइलचा स्वतःचा डेटा या पहाऱ्याला जुमानत नाही. सबब सर्वांचे चार्जर रात्री दिवाणखान्यात असावेत, थोरांचेही.

तपासण्यांचे अहवाल एका संगणकावरील सामाईक फोल्डरमध्ये ठेवले तर घरातील प्रत्येकास ते वेळेवर सापडतात. त्या फोल्डरला स्वतंत्र पासवर्ड असावा. पाहुण्यांना ‘गेस्ट’ जाळे द्यावे, मुख्य जाळ्याला डब्ल्यूपीए-२ किंवा ३ चे संरक्षण द्यावे आणि राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. वीज वारंवार जात असेल तर राउटरच्या व्होल्टेजला जुळणारा छोटा यूपीएस घ्यावा. फायबरचा डबा वेगळा असल्यास त्यालाही तो लागेल, अन्यथा राउटरचा दिवा जळत राहील आणि डॉक्टर मात्र दिसणार नाहीत.