चौकातली फितवाली

अभ्यासवर्गात लोकशाहीचा विषय निघाला की अथेन्सच्या ‘अगोरा’चे नाव हमखास येते. अगोरा म्हणजे शहराच्या मधोमधचा मोठा चौक. बाजार, न्यायालये, कचेऱ्या सगळे तिथेच. इ.स.पू. पाचव्या शतकात सॉक्रेटिस तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी वाद घालत असे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात तो एका गुलाम मुलाला भूमिती शिकवतो. चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट होते. ते दुप्पट हवे असेल तर नवा चौरस कर्णावर काढावा लागतो. हे उत्तर तो नुसते प्रश्न विचारून मुलाकडूनच काढून घेतो. गुलामालाही विचार करता येतो, हे दाखवणारा हा प्रसंग मला आवडतो.

पण मैत्रिणींनो, त्या चौकात बायका नव्हत्या का?

होत्या. पाव, भाजी, फिती विकत होत्या. इ.स.पू. ३४६ मध्ये अथेन्सच्या नागरिकांच्या याद्या तपासल्या गेल्या, तेव्हा युक्सिथियस नावाच्या माणसाचे नाव उडवले गेले. विरोधकांचा एक आक्षेप असा, की याची आई बाजारात फिती विकते आणि पैशासाठी दुसऱ्यांची मुले पाजते. मग ती नागरिकाची मुलगी कशी? मुलाने न्यायालयात सांगितले, हे गरिबीमुळे करावे लागले. बाजारातल्या धंद्यावरून नागरिक स्त्री-पुरुषांना हिणवणे कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याने ठणकावले. ज्या बाईच्या कष्टांवर एवढा वाद झाला, तिला मात्र साक्ष द्यायला उभे राहण्याचा अधिकार नव्हता.

पुढे साडेसातशे वर्षांनी अलेक्झांड्रियात हायपेशिया गणित आणि तत्त्वज्ञान शिकवत होती. पुरुषांच्या सभेत जायला ती कचरत नसे, शहराचे अधिकारी तिचा सल्ला घेत. प्रांताधिकारी आणि बिशप यांच्या सत्तेच्या भांडणात इ.स. ४१५ मध्ये जमावाने तिला गाडीतून ओढून ठार मारले.

चौकात राबायला बाई चालते. तिथे ती बोलू लागली, तिचे ऐकले जाऊ लागले, की ती खुपते. म्हणून सभेला किती बायका आल्या एवढेच मोजून आपण समाधान मानू नये. किती जणी बोलल्या आणि कोणाच्या बोलण्यावरून निर्णय बदलला, हेही लिहून ठेवावे. आणि पुढच्या वर्गात अथेन्स शिकवताना सॉक्रेटिसबरोबर त्या फितवालीचीही गोष्ट सांगावी.