बाहेरचं नाही, आतलं दुखतंय!

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या वाडीत पोर चार दिवस जेवेना, झोपेना, शाळेचं नाव काढताच थरथरायला लागलं, तर त्याला आधी कुठे नेतात? ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषाकडे! लिंबू उतरतात, अंगारा लावतात, दोरा बांधतात. तेवढ्यानं भागलं नाही तर ‘नाटकं करतंय’ असा निकाल देऊन दोन थोबाडीत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली ज्या राज्यानं जादूटोणाविरोधी कायदा केला, त्या राज्यात हे राजरोस चालतं.

पण देवऋषाला शिव्या घालणं सोपं आहे. तो निदान गावात बसतो. सरकार कुठे बसलंय?

याच तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी २०२३ मध्ये कर्ज फेडायला स्वतःच्या किडन्या, डोळे विकायला काढले, त्यांच्या किमती लावल्या. कॅमेरे आले नि गेले. बापाच्या किडनीचा भाव पेपरात वाचून नववीतलं पोर त्या रात्री झोपलं का, हे विचारायला कोण गेलं? आशा कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन शेतकऱ्यांचं नैराश्य हेरावं म्हणून २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प निघाला. त्याच घरातल्या पोराला मात्र कोणी विचारलं?

मग कर्जाखाली दबलेल्या घराची सगळी आशा त्या पोरावर. ‘नीट’ लागली की सगळं नीट होईल! सोयाबीनचा पैसा लातूर-नांदेडच्या क्लासला जातो, आणि पोर मार्कांच्या नव्हे, व्याजाच्या धाकानं अभ्यासाला बसतं. जून २०२५ मध्ये आटपाडी तालुक्यात ‘नीट’च्या सराव परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून बापानं पोरीला मारलं आणि ती पोर दगावली. बाप शाळेचा मुख्याध्यापक होता! शिकलेल्यांची ही तऱ्हा. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यात सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्राचे. पुरोगामी म्हणवून घ्यायला जीभ कशी रेटते?

‘हेल्पलाइन आहे ना’ असं सांगतील. आहे. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चांगला आहे, प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर ठळक रंगवावा. पण फोन बापाच्या खिशात आणि दुखणं बापामुळेच, तर पोरानं बोलायचं कुठून?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं. मेख इथेच आहे. वाडीवरच्या तीस-चाळीस पोरांच्या जिल्हा परिषद शाळेनं जोडून घ्यायचं ते कोणाशी? तिथले गुरुजी मतदारयाद्या आणि ऑनलाइन माहितीतून मान वर काढत नाहीत; त्यांच्याच माथी हेही मारू नका. आमची मागणी सरळ आहे: शाळांच्या प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित, पगारी समुपदेशक द्या. त्यानं ठरलेल्या वारी शाळेत यावं, पोराशी दार लावून बोलावं आणि गरज दिसली तर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात सोबत न्यावं. पैसा जिल्हा नियोजन समितीनं काढावा. कमानी आणि पेव्हर ब्लॉकला तो सापडतोच.

आणि तालुक्यात आज किती शाळांत समुपदेशक आहेत, त्याची यादी गटशिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या सोमवारी पंचायत समितीच्या फलकावर लावावी. कोरी असेल तर कोरीच लावा. आम्ही ती जशीच्या तशी छापू.