श्रमदानानंतरचे खरे काम



पाणलोटाची कामे शासकीय यंत्रणेनेच करावीत, स्वयंसेवकांनी नव्हे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत हिवरे बाजारच्या अनुभवाशी जुळत नाही. पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या भूभागावरील पावसाचे पाणी एकाच प्रवाहाकडे वाहते तेथे, समतल चर व बांध घातल्याने पाणी मुरते. परंतु मुरलेले पाणी कोणी किती उपसावे, हे गावालाच ठरवावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणप्रवण गावाने १९९०च्या दशकापासून, पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, शासकीय निधीला श्रमदानाची जोड देत चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी विंधन विहिरी नाकारल्या आणि पुढे, पावसाच्या मोजमापावरून पिके ठरवणारा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. ही शिस्त कोणत्याही कंत्राटात लिहून घेता येत नाही. म्हणून निधी मंजूर करतानाच देखभालीची जबाबदारी, आणि अधिकारही, स्थानिक गटांकडे सोपवावेत.

— एक वाचक