माळ्यावरचा टीव्ही गेम : फुंकर नको, निदान करा



दिवाळीपूर्वी घरे झाडली-सारवली जातात आणि माळ्यावरचा पसारा खाली येतो. त्या पसाऱ्यात हल्ली पुष्कळ घरांतून एक वस्तू हटकून सापडते. १९९० नंतरच्या काळात कापसाच्या नाहीतर उसाच्या पैशातून, मुलांनी हट्ट धरला म्हणून तालुक्याच्या बाजारातून आणलेला टीव्हीचा व्हिडिओ गेम. सोबत चार-सहा कॅसेटी, दोन रिमोट आणि एखादी बंदूक. तेव्हा त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळणारी पोरे आज संसाराला लागली. आता त्यांची मुले विचारतात, "बाबा, हा चालतो का हो?" जोडून पाहावे तर दिवा लागत नाही, लागला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग कॅसेटीत चार फुंकरा, डब्याला दोन चापट्या, आणि शेवटी भंगारवाल्याची गाडी.

माझे सांगणे एवढेच की गाडीवर टाकण्यापूर्वी एक तास द्या. पाने पिवळी दिसताच युरियाची गोणी फोडू नका, आधी मुळाशी पाणी साचले आहे का ते पाहा, असे मी शेतीशाळेत नेहमी सांगतो. विहिरीतली मोटर बंद पडली तर आपण आधी फ्यूज आणि स्टार्टर पाहतो, एकदम मोटर वर काढत नाही. या खेळण्यालाही तोच नियम लावावा. बाहेरून आत जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक वेळी काय झाले ते पाहावे.

थोडे मूळ सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. आपल्या गावांत आलेले बहुतेक गेम त्याच यंत्राच्या नकला आहेत. मूळ यंत्राची दुरुस्ती कंपनीने जपानमध्ये २००७ साली बंद केली. नकलांना तर विचारायला कंपनीच उरलेली नाही. तेव्हा आपला वैद्य आपणच.

पहिली पायरी : वीज

बहुतेक दुखणी येथेच निघतात. मूळचा ॲडॅप्टर हरवलेला असतो आणि घरातला दुसरा कोणता तरी भोकात बसतो म्हणून लावला जातो. हे सर्वांत धोक्याचे. पिन बसली म्हणजे वीज जुळली असे नव्हे. गेमच्या तळाची पट्टी वाचा. पुष्कळांवर ९ व्होल्ट डी.सी. असे लिहिलेले असते. त्याशेजारी एक बारीक चित्र असते. मधल्या टिंबाला एक चिन्ह, बाहेरच्या कड्याला दुसरे. जुन्या टीव्ही गेमना मधली बाजू बहुधा उणे लागते आणि हल्लीच्या सेट टॉप बॉक्सच्या ॲडॅप्टरला ती बहुधा अधिक असते. शिवाय तो बहुधा १२ व्होल्टचा. असा उलटा ॲडॅप्टर क्षणात यंत्र जाळू शकतो. चित्र जुळत नसेल तर लावूच नये. पट्टी पुसली गेली असेल तर अंदाज न करता जाणकाराकडून आतली जोडणी पाहून घ्यावी.

मोटर-स्टार्टरसाठी मल्टिमीटर घरी असतोच. तो डी.सी. २० वर ठेवून पिनेवर मोजा. जुना, वजनदार ॲडॅप्टर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवील. गेम जोडलेला नसताना त्याचे असे होते, तो बिघाड नव्हे. शून्य दाखवले तर वायर पिनेजवळ तुटली आहे किंवा ॲडॅप्टर गेला आहे. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहा. ॲडॅप्टर मात्र फोडू नका. आत २३० व्होल्ट असतात.

दुसरी पायरी : टीव्ही

दिवा लागतो पण चित्र नाही, तर वायरीकडे वळा. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. टीव्हीचा रिमोट घेऊन 'एव्ही' निवडा. नव्या टीव्हीला कधी एकच बारीक भोक असते. त्याची जोडवायर टीव्हीसोबत मिळते. गेमची वायर ॲन्टेनाच्या जागी लागणारी असेल, तर गेम चालू ठेवून टीव्हीवर ॲनालॉग चॅनेल शोधा. चित्र वर-खाली पळते किंवा काळे-पांढरे दिसते, तर रंगप्रणाली 'ऑटो' किंवा 'पाल' करा.

आता एक सोपी परीक्षा. कॅसेट न घालता गेम चालू करा. टीव्हीवरची 'नो सिग्नल' ही पाटी किंवा मुंग्या जाऊन पडदा एकरंगी झाला अथवा वेडेवाकडे ठिपके आले, तर वीज आणि वायर दोन्ही ठीक आहेत. मग दोष कॅसेटीत किंवा तिच्या खाचेत. म्हणजे अर्धे शोधकाम संपले.

बंदुकीबद्दल येथेच सांगतो. ती जुन्या काचेच्या, डब्याएवढ्या टीव्हीसाठीच केलेली आहे. त्या टीव्हीवर चित्र ज्या रीतीने उमटते, त्यावरच तिचा नेम अवलंबून असतो. एलईडी टीव्हीवर ती चालत नाही, म्हणून तिला मोडकी ठरवू नका.

तिसरी पायरी : कॅसेट

फुंकर मारली की चालते, असा आपल्या मुलांचाच नव्हे, जगभरच्या मुलांचा समज होता. खरी गोष्ट अशी की कॅसेट काढून पुन्हा बसवली की पितळी पट्ट्या नव्या जागी टेकतात, म्हणून ती चालते. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. निन्टेन्डो कंपनीनेही फुंकर मारू नका असेच सांगितले आहे.

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. त्यात कापसाची काडी किंचित भिजवून कॅसेटीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी पुसा. काडी काळी होईल. स्वच्छ निघेपर्यंत पुसा. तरी काळपट राहिल्यास शाळेतले पांढरे खोडरबर हलक्या हाताने दोन-चार वेळा फिरवा. पॉलिश पेपर, ब्लेड, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही वापरू नका. मग गेमचा ॲडॅप्टर काढून ठेवावा आणि तीच किंचित ओलसर कॅसेट खाचेत पाच-सहा वेळा सरळ घालून काढावी. दर वेळी पट्ट्या पुसाव्या. खाचही साफ होते. पंधरा-वीस मिनिटे वाळू द्या, मगच वीज लावा. हे द्रव्य पेट घेते. चुलीपासून दूर बसा आणि खिडकी उघडी ठेवा. यंत्र चालू असताना कॅसेट कधीही घालू वा काढू नये.

चौथी पायरी : रिमोट

मारिओ पुढे पळतो पण उडी मारत नाही, तर दोष रिमोटचा. मागचे स्क्रू काढा. बटणांखाली रबर असते आणि रबराला काळा ठिपका. तो ठिपका खालच्या पट्ट्यांवर टेकला की वीज जुळते. दोन्ही जागा काडीने अलगद पुसा. ठिपका खरवडू नका, तो गेला की बटण गेले. बटण साफ करूनही चालत नसेल तर वायर रिमोटच्या तोंडाशी हलवून पाहा. तेथेच ती आतून तुटते.

पाचवी पायरी : आतला भाग

ही पायरी डाग देता येणाऱ्यासाठीच आहे. ॲडॅप्टर काढून डबा उघडा. झुरळे, कुंभारणीचे घर, भुसा मऊ ब्रशने झाडा. पट्टीवर तीन पायांचा एक भाग दिसेल. पुष्कळदा त्यावर ७८०५ हा आकडा असतो. बाहेरून आलेले ९ व्होल्ट तो ५ वर आणतो. आकडा आपल्याकडे, पाय खाली असे धरल्यास डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला जमिनीचा, उजवा बाहेर जाणाऱ्या विजेचा. गेम चालू ठेवून मधल्या आणि उजव्या पायात मोजा. पाचच्या आसपास हवेत. डावीकडे वीज आहे आणि उजवीकडे नाही, तर दोष बहुधा तेथेच. हा भाग स्वस्तात मिळतो.

चित्रात आडवे पट्टे सरकतात, आवाजात घरघर येते, तर उभ्या नळीसारखे कंडेन्सर सुकले असावेत. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा अधिक. पट्ट्याची बाजू उण्याची असते, ती उलटी लावू नका. दिवा लागतो-विझतो, तर खटक्याच्या आणि पिनेच्या भोकाच्या डागांना भेग पडली आहे का पाहा.

मात्र पट्टीच्या मध्यावर डांबरासारखा काळा ठिपका असेल, तर खरे डोके त्याखाली आहे. वीज, खटके, डाग सर्व ठीक असूनही चित्र येत नसेल आणि दोष त्या ठिपक्यात असेल, तर घरी उपाय नाही. तेथे थांबावे.

थांबण्याची आणखी एक जागा आहे. जुना काचेचा टीव्ही कोणीही उघडू नये. त्याच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ शिल्लक राहतात. मुलांना हे बजावून सांगा.

गेम खरोखरच गेला असेल, तर तांब्यासाठी वायरी जाळू नका. तो धूर विषारी असतो. शहरात जाणे होईल तेव्हा इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.

हे काम करताना मुलांना जवळ बसवा. वहीत त्यांनाच लिहू द्या : काय तपासले, काय दिसले, पुढे काय. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' घालण्याची खोड अशानेच सुटते. ज्या मुलाला बंद गेममधला दोष क्रमाने शोधता आला, ते मूल उद्या बंद ठिबकपुढेही गोंधळणार नाही. आणि गेम चालू झालाच, तर पहिला डाव त्याच्या बापाला खेळू द्या. त्याने पुष्कळ वर्षे वाट पाहिली आहे.

पुढील अंकी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी पाहू.